मुद्दाम हिरवं केलेलं तळं: कॅनडातल्या ‘लेक २२७’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावांवर बोलायला शाळा-कॉलेजांत जाते तेव्हा मी एक जुना हवाई फोटो सोबत नेते. गर्द जंगलात एक तळं, मधे चिमटलेलं, एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या बाजूला रंग ओतल्यासारखं हिरवं. फोटो दाखवला की वर्ग आधी शांत होतो आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी रंकाळ्याच्या काठी वाढले, त्यामुळे तळं हिरवं का होतं हा माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा विषय कधीच नव्हता.

हे तळं नेमकं कुठे आहे?

कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात. केनोरा नावाच्या गावापासून पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर, विनिपेग शहरापासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर. काळ्या स्प्रूसचं, जॅक पाइनचं आणि बर्चचं जंगल, मधूनमधून उघडा ग्रॅनाइट आणि जिथे खोलगट जागा तिथे पाणी. हा ‘ट्रीटी ३’चा, म्हणजे १८७३ च्या तहाचा प्रदेश, अनिशिनाबे लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. इथली ५८ छोटी तळी आणि त्यांचे पाणलोट १९६८ पासून संशोधनासाठी राखून ठेवले आहेत. या जागेचं नाव ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’. लेक २२७ त्यातलंच एक. क्षेत्रफळ सुमारे ५ हेक्टर, म्हणजे साडेबारा एकरांच्या आसपास. जास्तीत जास्त खोली १० मीटर. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचं शिवार असावं एवढंच.

त्याला नाव का नाही? नुसता नंबर?

ऑन्टॅरिओत तळ्यांची संख्या लाखांत जाते. सरकारी नकाशावर त्यातल्या बहुतेकांना नाव नसतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी या भागातली शेकडो तळी पाहिली, मोजली आणि ओळखीसाठी क्रमांक दिले. तेच क्रमांक कायम राहिले. आता मात्र जगभरच्या जलशास्त्रज्ञांच्या तोंडी ‘२२६’, ‘२२७’, ‘२२३’ हे आकडे गावांच्या नावांसारखे येतात.

हिमनदीने तळं तयार होतं म्हणजे काय होतं?

शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेच्या या भागावर बर्फाचा प्रचंड थर होता, काही ठिकाणी जाडी किलोमीटरांत मोजावी असा. हा थर जागच्या जागी पडून नव्हता, स्वतःच्या वजनाने सरकत होता. सरकताना त्याने खडकावरची माती खरवडून नेली, जिथे खडक तडकलेला किंवा कच्चा होता तिथे तो उकरला, आणि वितळताना मागे गोटे, वाळू, गाळ टाकून दिला. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला आणि उकरलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं. ही तळी त्या खड्ड्यांतली.

महाराष्ट्रात असं एकही तळं नाही. आपली बहुतेक तळी माणसाने बांध घालून केलेली, आणि लोणार उल्केच्या आघाताने झालेलं. हिमालयातल्या गंगाबल, विशनसर किंवा रूपकुंडला जाऊन आलेल्या ट्रेकर मंडळींनी हिमनदीने घडवलेली तळी पाहिली आहेत, पण ती झाडांच्या रेषेच्या वरची. कॅनडातली ही तळी सपाट जंगलातली आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खाली कठीण ग्रॅनाइट, वर बोटभर माती, आजूबाजूला शेती नाही, वस्ती नाही. त्यामुळे या पाण्यात क्षार कमी, अन्नद्रव्यं कमी आणि विरघळलेला कार्बनही फार कमी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ही हलकी, भुकेली जमीन आहे. तिला चिमूटभर खत घातलं तरी लगेच दिसतं.

पण असं स्वच्छ तळं मुद्दाम घाण करायचं कारण काय?

१९६० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरचं लेक ईरी हे महाप्रचंड सरोवर शैवालाने भरून गेलं होतं. किनाऱ्यावर कुजका थर, तळाच्या पाण्यात प्राणवायू नाही. वर्तमानपत्रं ‘ईरी मेलं’ असं लिहीत होती. पाण्यात अन्नद्रव्यं वाढून शैवाल माजण्याच्या या प्रक्रियेला युट्रोफिकेशन म्हणतात. ती होते आहे याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो दोषी कोण याचा.

सांडपाण्यातून तीन गोष्टी येतात: कार्बन, नत्र आणि स्फुरद. बऱ्याच शास्त्रज्ञांचा संशय स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर होता, आणि तेव्हाच्या कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट भरपूर असायचं. साबण उद्योगाच्या बाजूने उलट मांडणी झाली की शैवालाची वाढ कार्बनवर अडते, फॉस्फेट काढून काही उपयोग नाही. बाटलीतल्या प्रयोगांचे आकडेही त्यांच्याकडे होते. म्हणजे प्रश्न नुसता विज्ञानाचा राहिला नाही, कोट्यवधींच्या धंद्याचा झाला. अशा वेळी कोणालाही नाकारता येणार नाही असा पुरावा लागतो. तो शोधायला कॅनडाच्या सरकारी मत्स्य संशोधन मंडळाने ही तळी राखून घेतली आणि डेव्हिड शिंडलर नावाच्या तरुण जलशास्त्रज्ञाकडे काम सोपवलं. तेव्हा ते तिशीतही नव्हते.

बाटलीत किंवा टाकीत प्रयोग केले असते तर चाललं नसतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. बाटलीतले प्रयोग चुकीचे नव्हते, पण बाटलीला बूच असतं.

तळ्यातलं पाणी घ्या, बाटलीत भरा, कार्बन घाला. शैवाल वाढतं. म्हणजे कार्बन कमी होता, असा निष्कर्ष निघतो, आणि त्या बाटलीपुरता तो खराही आहे. पण तळं उघडं असतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला की हवेतला आत शिरतो. बाटलीला हवा नाही, तळाचा गाळ नाही, वारा नाही, ऋतू नाही, मासे नाहीत. बाटली दोन आठवडे जगते, आणि तळ्याला प्रतिसाद द्यायला कधी कधी दहा वर्षं लागतात. शिंडलर यांचा आग्रह एवढाच होता की तळ्याबद्दलचा प्रश्न तळ्यालाच विचारावा. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर तो हा आग्रह.

लेक २२७ मध्ये नेमकं काय केलं?

१९६९ पासून दर उन्हाळ्यात आठवड्याच्या हिशेबाने पाण्यात नत्र आणि स्फुरद सोडायला सुरुवात केली. कार्बन अजिबात घातला नाही. हे तळं निवडण्याचं कारणच ते होतं, त्यात विरघळलेला कार्बन कमालीचा कमी होता. कार्बनची कमतरता शैवालाला रोखू शकत असेल तर ती इथे नक्की रोखेल, असा तर्क होता.

तिने रोखलं नाही. काही आठवड्यांत पाणी हिरवं झालं आणि दरवर्षी होत राहिलं. शैवालाला लागणारा कार्बन हवेतून पाण्यात येत होता, आणि तो किती वेगाने येतो हेही मोजून झालं. वर्षाला स्फुरद किती पडत होता? सुमारे वीस-पंचवीस किलो. पाच हेक्टर पाणी हिरवंगार ठेवायला तेवढा पुरला.

मग तो अर्धा हिरवा, अर्धा काळा फोटो कुठला?

तो लेक २२६ चा, १९७३ मधला. पुष्कळ जण तो २२७ चा समजतात.

लेक २२६ चा आकार डमरूसारखा आहे. मधल्या चिंचोळ्या जागी नायलॉनने मजबूत केलेला प्लास्टिकचा पडदा पाण्याच्या वरपासून तळापर्यंत ताणून बसवला आणि एका तळ्याची दोन केली. दोन्ही बाजूंना नत्र आणि साखरेच्या रूपात कार्बन घातला. ईशान्येकडच्या बाजूला त्याशिवाय स्फुरद घातला. फरक फक्त या एका गोष्टीचा. स्फुरद मिळालेली बाजू निळ्या-हिरव्या शैवालाने भरली आणि दुसरी होती तशी राहिली.

आकडेवारीचे तक्ते लोक विसरतात. पण एकच पाणी, एकच ऊन, एकच पाऊस असताना पडद्याच्या अलीकडे हिरवं आणि पलीकडे स्वच्छ, हे पाहिलेला माणूस विसरत नाही. धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर या फोटोने जे काम केलं ते शंभर पानी अहवालाने झालं नसतं.

स्फुरदच का? नत्राचं काय?

शेती असलेल्या घरात हे समजवायला सोपं जातं. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द खताच्या पोत्यावरून सगळ्यांना पाठ असतात. ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त टंचाई, तिच्यावर पिकाची वाढ अडते. बाकीचं कितीही ओता, उपयोग नाही.

आता तीन अन्नद्रव्यं एकेक करून पाहा. कार्बन हवेत आहे, तळं तो आत ओढून घेतं. नत्रही हवेत आहे, हवेचा चार पंचमांशाहून थोडा कमी भाग नत्रच आहे. तो सगळ्यांना वापरता येत नाही, पण काही जिवांना येतो. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. भाताच्या खाचरातला अझोला सोबतच्या निळ्या-हिरव्या शैवालाच्या मदतीने तेच करतो. तळ्यातल्या काही सायनोबॅक्टेरियांनाही, म्हणजे ज्यांना आपण निळं-हिरवं शैवाल म्हणतो त्यांना, ही विद्या येते. स्फुरद मात्र हवेत वायुरूपाने नाही. तो खडकातून, मातीतून, शेणखतातून, मैल्यातून, साबणातूनच येतो. म्हणजे येण्याची वाट अडवता येईल असं हे एकच अन्नद्रव्य आहे.

लेक २२७ मध्ये हे पुढे कसाला लागलं. १९७५ मध्ये नत्राचं प्रमाण खूप कमी केलं. १९९० पासून नत्र पूर्ण बंद करून फक्त स्फुरद चालू ठेवला. नत्र तोडला की शैवाल कमी होईल अशी एक अपेक्षा होती. झालं असं की हवेतला नत्र खेचणारे सायनोबॅक्टेरिया पुढे आले आणि तळं हिरवंच राहिलं. २००८ मध्ये शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ३७ वर्षांची ही नोंद प्रसिद्ध केली. नुसता नत्र कमी करून तळं सुधारत नाही, उलट नत्र बांधणाऱ्या सायनोबॅक्टेरियांना मोकळं रान मिळतं, हे त्यांचं म्हणणं.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं मी सांगणार नाही. खाड्या आणि किनारी समुद्रात नत्राचं महत्त्व मोठं आहे. गोड्या पाण्यातही दोन्ही कमी करावेत असं म्हणणारे जाणते शास्त्रज्ञ आहेत. पण कमी पैशात आधी काय करायचं असं कोणी मला विचारलं, तर मी स्फुरद म्हणते.

या प्रयोगांनी कायदा बदलला का?

हो, आणि लवकर. कॅनडाने १९७० मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर मर्यादा आणली आणि १९७३ पासून ती आणखी कडक केली. १९७२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत महासरोवरांच्या पाण्याबद्दल करार झाला, त्यात स्फुरद कमी करणं हा कळीचा भाग होता. सांडपाणी केंद्रांत स्फुरद काढण्याच्या सोयी उभ्या राहिल्या आणि लेक ईरी बरंच सावरलं. पुढे शेतातून वाहून येणाऱ्या खतामुळे तिथे शैवाल पुन्हा वाढलं, तो वेगळा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. शिंडलर यांना १९९१ मध्ये पहिलं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं. २०२१ मध्ये ते गेले.

थोड्याशा स्फुरदाने एवढं होतं कसं?

शैवालाच्या शरीरात वजनाने एक भाग स्फुरद असेल तर साधारण सात भाग नत्र आणि चाळीस भाग कार्बन असतो. बाकी पाणी वगैरे धरून एक किलो स्फुरदावर पाचशे किलोपर्यंत ओलं शैवाल उभं राहू शकतं. ही वरची मर्यादा आहे, दरवेळी तेवढं होत नाही.

आता आपल्याकडे या. एका प्रौढ माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला एक-दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. साबण धरलाच नाही. लाखभर वस्तीच्या गावाचा हिशेब शंभर ते दीडशे किलो, रोजचा. म्हणजे त्या गावाच्या एका दिवसाच्या स्फुरदावर लेक २२७ निदान चार वर्षं हिरवं राहिलं असतं. सगळा स्फुरद तलावात पोचत नाही हे खरं, पण ज्या गावाचा नाला तलावात उतरतो तिथे बराचसा पोचतो. हे गणित मी फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

हिरवं झालं तर बिघडलं काय? शैवाल म्हणजे माशांचं खाद्यच ना?

थोडं असेल तर खाद्य. अति झालं की दिवसा ते प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच घेतं. मेलेलं शैवाल खाली बसतं, कुजतं, आणि कुजताना तळचा प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात तळ्याच्या वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड असतं. मधे जणू झाकण बसतं आणि वरची हवा खाली जात नाही. थंड पाण्यात राहणाऱ्या लेक ट्राउटसारख्या माशाची मग कोंडी होते: वर सोसवत नाही, खाली श्वास नाही. त्यात काही सायनोबॅक्टेरिया यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक विषं तयार करतात. अशा पाण्याने गुरं दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.

या तळ्यांवर दुसरे कुठले प्रयोग झाले?

पुष्कळ. पण लेक २२३ बद्दल मी सविस्तर सांगते, कारण त्यातून निघालेलं उत्तर कोणाच्या डोक्यात नव्हतं.

१९७६ पासून आठ वर्षं त्या तळ्यात थोडंथोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच (हा आकडा जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्ल) ६.८ वरून ५ वर आणला. आम्लवर्षेचा हा प्रश्न होता. आम्लाने ट्राउट थेट मरेल असं वाटत होतं. मोठा ट्राउट लवकर मेला नाही, तो उपाशी पडला. पीएच ६ च्या आसपास, म्हणजे धोका नाही असं मानलं जायचं तिथेच, त्याच्या खाद्यातली बारीक कोळंबी आणि मिनो नावाचे चिमुकले मासे नाहीसे झाले होते. सुरुवातीचा ट्राउट गुबगुबीत आणि काही वर्षांनंतरचा नुसतं डोकं आणि काटे, हे दोन फोटो शेजारी ठेवले की आम्लवर्षा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हानी कुठून सुरू होते ती रेष या तळ्यामुळे सरकली.

लेक २६० मध्ये २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन घातलं. प्रमाण एका लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावं इतकं. मिनोच्या नरांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि त्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. घालणं थांबवल्यावर काही वर्षांनी ते परत आले. लेक ६५८ मध्ये ओळखता येईल असा खास पारा घालून तो माशांत कसा चढतो ते पाहिलं. तो घालणं बंद केल्यावर माशांमधला नवा पारा झपाट्याने उतरला, ही चांगली बातमी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

निसर्गातलं तळं असं वापरणं योग्य आहे का?

हा प्रश्न मुलं रागाने विचारतात, आणि तो राग मला पटतो. लेक २२३ मधले उपाशी मासे खरे होते.

माझं उत्तर असं. प्रयोग आपण सगळीकडे करतोच आहोत, फक्त नोंद न ठेवता. आपल्या प्रत्येक शहराचा तलाव हा स्फुरदाचा प्रयोग आहे. त्यात तुलनेला शेजारी न बिघडवलेलं तळं नाही, सुरुवातीचे आकडे नाहीत आणि थांबवायची तारीखही नाही. इथे मोजकी तळी घेतली, शेजारी काही तळ्यांना हात लावला नाही, आणि काम झाल्यावर तळं पूर्वपदावर येऊ देण्याचं बंधन पाळलं. पाच हेक्टर पाण्याने महासरोवरांचे कायदे बदलले. ही किंमत मला मान्य आहे. एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन घुटमळतं: १९६८ चा निर्णय केंद्र आणि प्रांत सरकारांमध्ये झाला, आणि ज्यांची ही भूमी, त्या अनिशिनाबे लोकांशी असलेलं नातं घट्ट करण्याचं काम खूप पुढे सुरू झालं.

ही जागा बंद पडणार होती असं वाचलं होतं. खरं आहे का?

खरं आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने निधी थांबवत असल्याचं जाहीर केलं. शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिकांनी मोठी मोहीम उभारली. ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबा प्रांतांनी हात दिला आणि एप्रिल २०१४ पासून विनिपेगच्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या संस्थेने जबाबदारी घेतली.

पन्नास वर्षांची सलग नोंद असलेली तळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लेक २३९ ला कोणी काही घातलेलं नाही, नुसतं मोजलं आहे: बर्फ कधी धरला, कधी सुटला, पाणी किती तापलं. हवामान बदलाबद्दल आज तिथून जे कळतं ते केवळ कोणीतरी दर आठवड्याला जात राहिलं म्हणून. अशी नोंद एक वर्ष जरी चुकली तरी ती नंतर पैसे देऊन विकत मिळत नाही.

तिथे राहणं कसं असतं?

उन्हाळ्यात संशोधकांची छावणी भरलेली असते. डास आणि काळ्या माश्या यांचा उच्छाद. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर होडी डोक्यावर घेऊन पायवाटेने चालायचं. रात्री लून पक्ष्याची हाक, लांबलचक, काळीज हलवणारी. अस्वलं आणि मूस आहेत. नोव्हेंबरच्या सुमारास तळी गोठतात आणि एप्रिल-मेपर्यंत बर्फाखाली राहतात. हिवाळ्यात उणे तीसमध्ये बर्फाला भोक पाडून नमुने घ्यावे लागतात. ही पर्यटनाची जागा नाही, तिकीट काढून जाता येत नाही.

कॅनडातलं थंड तळं आणि रंकाळा यांची तुलना होऊ शकते का?

रसायन तेच, परिस्थिती वेगळी. आपल्याकडे पाणी वर्षभर उबदार, त्यामुळे शैवालाला सुट्टी नाही. बहुतेक तलाव उथळ, आणि बांधल्यापासूनचा गाळ तळाशी बसलेला. पावसाळ्यात एकदम पाणी येतं, नंतर आठ महिने आटत जातं. शिवाय आपल्याकडे जलपर्णी, कोल्हापुरात आम्ही केंदाळ म्हणतो ते, शैवालाच्या जोडीला असतं. तेही त्याच खतावर वाढतं. रंकाळा, पवई, पाषाण, उजनीचं पाणी, प्रत्येकाची कहाणी वेगळी. पण केंदाळ काढण्यावर दरवर्षी खर्च होतो आणि पुढच्या वर्षी ते परत येतं, तेव्हा मला पडद्याच्या त्या हिरव्या बाजूची आठवण होते. वरचं पीक कापलं, खताचा नळ चालूच आहे.

आणखी एक. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे म्हणजे स्फुरद निघतोच असं नाही. सर्वसाधारण केंद्र सेंद्रिय घाण कमी करतं. स्फुरद काढायला वेगळी पायरी लागते, तुरटी किंवा लोहाचे क्षार घालून तो खाली बसवायचा किंवा खास जिवाणूंना खाऊ घालायचा. तुमच्या गावच्या केंद्राबद्दल विचाराल तेव्हा ‘प्रक्रिया होते का’ एवढंच विचारू नका, ‘बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती’ हे विचारा.

एकदा बिघडलेलं तळं परत सुधारतं का?

लेक ३०४ मध्ये दोन वर्षं तिन्ही अन्नद्रव्यं घातली, मग १९७३ मध्ये फक्त स्फुरद थांबवला, बाकी दोन चालू ठेवली. शैवाल लगेच पूर्वीच्या पातळीवर आलं. लेक २२६ लाही खत थांबवल्यावर सावरायला फार वेळ लागला नाही.

आपल्या जुन्या तलावांबद्दल एवढं सोपं आश्वासन मी देत नाही. दशकानुदशकं साचलेल्या गाळात स्फुरदाचा साठा असतो. तळाशी प्राणवायू संपला की लोहाने धरून ठेवलेला हा स्फुरद सुटून वर येतो. नाले वळवल्यानंतरही तलाव काही वर्षं हिरवा दिसतो आणि लोक म्हणतात, ‘बघा, एवढा खर्च केला, काही झालं नाही.’ खर्च वाया गेलेला नसतो. गाळ आपली उधारी फेडत असतो. गाळ काढायचाच तर नाले वळवल्यानंतर काढावा, आधी नाही.

आमच्या तळ्यातला हिरवा रंग घातक आहे का, हे घरी कळेल का?

पूर्ण खात्री प्रयोगशाळेतच होते. अंदाज मात्र एका बरणीने येतो. हातमोजे घालून काचेच्या पारदर्शक बरणीत तीन चतुर्थांश पाणी भरा. वरचा तवंग तेवढा घेऊ नका, थोडं खालचं पाणी घ्या. झाकण लावून, बाहेरून पुसून, न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी हिरवं सगळं खाली बसलेलं असेल तर ते बहुधा साधं शैवाल. वर तरंगून कडेला हिरवं कडं धरलं असेल तर सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता मोठी, कारण त्यांच्या पेशींत हवेचे बारीक फुगे असतात. अशा वेळी गुरांना, कुत्र्यांना आणि पोहणाऱ्या मुलांना त्या पाण्यापासून लांब ठेवा. हे पाणी उकळून पिऊ नका, उकळल्याने यातली विषं जात नाहीत. तारीख आणि जागा लिहून बरणीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा भरा.